‘थर्ड डे’चा दक्षिणी सूर : एका ख्रिस्ती रॉक बँडचा आवाज का बदलला?

अमेरिकेतील ख्रिस्ती रॉक संगीताची चर्चा निघाली आणि तीत ‘थर्ड डे’ या बँडचे नाव आले, की जुन्या श्रोत्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. नव्वदच्या दशकात गिटारचा दणदणाट करणारी ही मंडळी पुढे मवाळ झाली, दक्षिणेकडच्या संथ आणि गोड वळणाची गाणी गाऊ लागली आणि त्यांच्या मैफलीत रॉक कमी व प्रार्थनागीते जास्त होऊ लागली, असे या तक्रारीचे स्वरूप असते. तक्रारीत तथ्य आहे. पण तीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. दक्षिणी वळणावर जाणे वेगळे आणि मवाळ होणे वेगळे. पहिल्या गोष्टीचा संबंध या बँडच्या गावाशी, तिथल्या जुन्या संगीताशी आणि तिथल्या चर्चशी आहे. दुसरीचा संबंध रेडिओच्या व्यवहाराशी आणि सामूहिक उपासनेच्या गरजांशी आहे. एकाच बँडच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या, म्हणून त्या एकच वाटतात. त्या सुट्या करून पाहिल्या, की कोणता अल्बम का रंगला आणि कोणता फिका का पडला, हेही बरेचसे उमगते.

ख्रिस्ती रॉक म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील हिप्पी तरुणांमध्ये ख्रिस्ती श्रद्धेची एक लाट आली, जिला ‘जीझस मूव्हमेंट’ म्हटले जाते. अनेक पाळक ज्या संगीताला सैतानाचे संगीत म्हणत होते, त्याच संगीतातून या तरुणांनी आपली श्रद्धा गायला सुरुवात केली. लॅरी नॉर्मन याचा १९६९ मधील ‘अपॉन धिस रॉक’ हा या प्रकारातील सुरुवातीचा महत्त्वाचा अल्बम मानला जातो. पुढच्या दोन-अडीच दशकांत टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहराभोवती या संगीताचा स्वतंत्र उद्योग उभा राहिला. त्याच्या स्वतःच्या रेकॉर्ड कंपन्या होत्या, स्वतःची रेडिओ केंद्रे होती, डव्ह नावाचे स्वतःचे पुरस्कार होते आणि धार्मिक पुस्तकांच्या दुकानांतून चालणारी स्वतःची विक्री होती. मुख्य प्रवाहात जो ध्वनी गाजत असेल, त्याच्या मागोमाग जाण्याची सवयही या उद्योगाला लागली होती. सिअ‍ॅटलच्या बँडांनी ग्रंज हा खरखरीत, जड गिटारचा प्रकार लोकप्रिय केल्यावर १९९५ मध्ये ‘डीसी टॉक’ या ख्रिस्ती गटाने ‘जीझस फ्रीक’ हा त्याच धाटणीचा अल्बम काढला आणि तो प्रचंड गाजला. त्याच वर्षी ‘जार्स ऑफ क्ले’ या बँडचे ‘फ्लड’ हे गाणे आले आणि ते थेट मुख्य प्रवाहातील रेडिओवर वाजू लागले. ‘थर्ड डे’चा पहिला अल्बम देशभर पोहोचला, तो याच काळात.

हा बँड जॉर्जिया राज्यातील मॅरिएटा या, अटलांटा शहराला लागून असलेल्या गावातला. गायक मॅक पॉवेल आणि गिटारवादक मार्क ली हे शाळेपासूनचे मित्र. थर्ड डेच्या आधी त्यांचा जो घरगुती बँड होता, त्याचे नाव ‘न्यूक्लिअर होडाउन’ असे होते. होडाउन म्हणजे फिडलच्या ठेक्यावरचा ग्रामीण नाच; म्हणजे दक्षिणेचे खेडे या मुलांच्या नावातच आधीपासून होते. १९९१ मध्ये थर्ड डे सुरू झाला, ड्रमवर डेव्हिड कार आणि बेसवर टाय अँडरसन आले, आणि काही वर्षांनी दुसरा गिटारवादक म्हणून ब्रॅड एव्हरी दाखल झाला. ख्रिस्त तिसऱ्या दिवशी मरणातून उठला या श्रद्धेवरून बँडचे नाव पडले. मॅरिएटा हे ‘द ब्लॅक क्रोज’ या गाजलेल्या, चर्चशी काही संबंध नसलेल्या रॉक बँडचेही गाव. आणि गॉस्पेल या चर्चमधल्या भावपूर्ण भक्तिसंगीताचा जनक मानला जाणारा थॉमस डॉर्सी ज्या व्हिला रिका या छोट्या गावात १८९९ मध्ये जन्मला, तेही या मुलांच्या शाळेपासून फार दूर नव्हते. इतक्या जवळ इतके संगीत असताना या बँडने आपला ध्वनी सिअ‍ॅटलकडून उसना का घ्यावा, हा प्रश्न त्यांच्या दुसऱ्या अल्बमबद्दल विचारण्यासारखा आहे.

त्याआधी दक्षिणी ध्वनी म्हणजे नेमके काय, ते पाहू. सदर्न रॉक हा प्रकार १९७० च्या सुमारास आकाराला आला आणि त्याचे एक मुख्य केंद्र जॉर्जियातीलच मेकन हे शहर होते. फिल वॉल्डनची कॅप्रिकॉर्न ही रेकॉर्ड कंपनी तिथेच होती आणि ‘ऑलमन ब्रदर्स बँड’ने तिथेच बस्तान बसवले. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलचा ‘लिनर्ड स्किनर्ड’ आणि दक्षिण कॅरोलिनातील स्पार्टनबर्गचा ‘मार्शल टकर बँड’ हेही याच घराण्यातले. कृष्णवर्णीयांचा ब्लूज, गोऱ्या शेतकरी-कामकऱ्यांचे कंट्री आणि दोघांच्याही चर्चमधील गॉस्पेल हे तीन प्रवाह इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजात एकत्र आले, तेव्हा हे संगीत तयार झाले.

त्याच्या काही खुणा कानाने सहज ओळखता येतात. पहिली खूण म्हणजे दोन गिटार. त्यांपैकी एक मुख्य आणि दुसरी साथीला असे नसते. दोघी एकच चाल दोन वेगळ्या स्वरांवरून बरोबरीने वाजवतात किंवा एकमेकींना उत्तरे देतात. दुसरी खूण म्हणजे स्लाइड. बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारेवरून सरकवली, की एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाताना मधले सगळे स्वर ऐकू येतात. आपण ज्याला मींड म्हणतो, तेच हे. आणि म्हणूनच स्लाइड गिटार माणसाच्या गळ्यासारखी वाटते. तिसरी खूण म्हणजे हॅमंड ऑर्गन. पाइप ऑर्गन परवडत नसलेल्या चर्चना स्वस्त पर्याय म्हणून १९३५ पासून हे विजेवर चालणारे वाद्य विकले जाऊ लागले. पुढे त्याला फिरत्या भोंग्याचा लेस्ली स्पीकर जोडला गेला आणि त्याचा आवाज लाटेसारखा हेलकावू लागला. चर्चमधून ते ब्लूज वाजणाऱ्या बारमध्ये गेले, तिथून रॉकमध्ये आले. आणि ख्रिस्ती रॉक बँडने ते हाती घेतले, तेव्हा ते एका अर्थाने माहेरीच परतले.

स्वरांच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. दक्षिणी संगीत शुद्ध निषादाऐवजी वारंवार कोमल निषादाचा आधार घेते, त्यामुळे आनंदाच्या गाण्यातही एक खंत मिसळलेली राहते. आणि गाण्याची ओळ संपताना मध्यमावर उभारलेल्या स्वरसमूहावरून षड्जावर येण्याची सवय त्यात फार आहे. प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी ‘आमेन’ म्हणताना नेमके हेच दोन स्वरसमूह वाजतात. त्यामुळे चर्चमध्ये वाढलेल्या माणसाला ही स्वरयोजना ऐकताच घरी आल्यासारखे वाटते, मग गाण्याचे शब्द काहीही असोत.

१९९६ मध्ये मोठ्या कंपनीमार्फत आलेल्या थर्ड डेच्या पहिल्या, बँडच्याच नावाच्या अल्बममध्ये यातले बरेच काही होते. ‘कन्झ्यूमिंग फायर’सारखी जोरकस गाणी त्यात होती, तशी ‘लव्ह साँग’सारखी अगदी साधी गाणीही होती, ख्रिस्ताशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराच्या तोंडून गायलेले ‘थीफ’ हे संथ गाणेही त्यातच होते. मॅक पॉवेलच्या जाड, खालच्या पट्टीतील आवाजाची तुलना लोक सिअ‍ॅटलच्या ‘पर्ल जॅम’ या ग्रंज बँडचा गायक एडी व्हेडर याच्याशी करत आणि तितकीच दक्षिण कॅरोलिनाचा गायक डेरियस रकर याच्याशीही करत. हे दोन संदर्भ बोलके आहेत: त्याचा आवाज ग्रंज आणि दक्षिण या दोहोंच्या सीमेवर उभा होता आणि कोणत्या बाजूला झुकायचे, हे अजून ठरलेले नव्हते.

१९९७ मध्ये ‘कॉन्स्पिरसी नंबर ५’ आला आणि बँड ग्रंजच्या बाजूला झुकला. निर्माता सॅम टेलर याने याआधी ‘किंग्ज एक्स’ या जड वाजवणाऱ्या बँडबरोबर काम केले होते. गिटारचा आवाज मुद्दाम फाटेपर्यंत वाढवून तो खरखरीत करण्याच्या तंत्राला डिस्टॉर्शन म्हणतात. या अल्बममध्ये त्याचा जाड थर सर्वत्र आहे आणि पॉवेलचा गळा त्याच्या खालून वाट काढत असतो. जुन्या श्रोत्यांचा हा लाडका अल्बम आहे आणि त्यांच्या प्रेमाला कारण आहे, कारण यातली ऊर्जा खरी आहे. बँडच्या चाहत्यांना ‘गोमर्स’ म्हणतात, तेही याच अल्बममधील एका गाण्यावरून. बायबलमधील होशेय संदेष्ट्याची वारंवार दूर जाणारी आणि तरीही परत स्वीकारली जाणारी पत्नी गोमेर हिच्यावर ते गाणे आहे. तरीही माझे मत असे आहे, की हा अल्बम म्हणजे या बँडच्या प्रवासातला अपवाद आहे. ज्यांनी थर्ड डेला इथून ऐकायला सुरुवात केली, त्यांना पुढचे सारे मवाळ वाटणे स्वाभाविक होते. पण पहिला अल्बम जवळ ठेवून ऐकणाऱ्याला हीच काही काळापुरती घेतलेली बाजूची वाट वाटेल.

१९९९ मधील ‘टाइम’ या अल्बमने दिशा बदलली. निर्माता मन्रो जोन्स होता आणि त्याच्याबरोबर या बँडचे सूर असे जुळले, की पुढची अनेक वर्षे हे नाते टिकले. डिस्टॉर्शनचा थर कमी झाला, ध्वनिक म्हणजे विजेविना वाजणारी गिटार पुढे आली आणि दोन गिटारांचे संवाद मोकळेपणाने ऐकू येऊ लागले. अल्बम मवाळ नव्हता. त्यातल्या काही गाण्यांचा ठेका चांगलाच दणकट आहे. बदलला होता तो ध्वनीचा पत्ता, कारण आता हा बँड जॉर्जियातला वाटत होता.

या अल्बममधील ‘युअर लव्ह ओ लॉर्ड’ हे गाणे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. त्याचे शब्द बायबलमधील छत्तिसाव्या स्तोत्रावर आधारलेले आहेत. देवाची प्रीती आकाशापर्यंत पोहोचते, त्याचे न्याय्यपण पर्वतांसारखे आहे आणि माणसाला त्याच्या पंखांच्या सावलीत आसरा मिळतो, अशा त्या स्तोत्रातल्या प्रतिमा आहेत. गाण्याच्या कडव्यात पॉवेल आपल्या गळ्याच्या अगदी तळाशी, जवळजवळ बोलल्यासारखा गातो आणि साथीला मुख्यतः ध्वनिक गिटार असते. ध्रुपदात आवाज वर चढतो, पण चाल इतकी सरळ राहते, की दुसऱ्यांदा ऐकणारा माणूस ती गुणगुणू शकतो. ‘कॉन्स्पिरसी’मधील गाणी ऐकायची होती; हे गाणे बरोबरीने म्हणता येत होते. दक्षिणी वळणावर जाताना बँडला हे जे सापडले, त्यातूनच त्यांचे पुढचे पाऊल पडले.

ते पाऊल म्हणजे २००० मधील ‘ऑफरिंग्ज’, ज्याला बँडने स्वतःच उपासनेचा अल्बम म्हटले. नवी गाणी आणि कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित केलेली गाणी त्यात एकत्र होती. त्या सुमारास अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील चर्चमध्ये जुन्या स्तोत्रपुस्तकाऐवजी गिटार आणि ड्रमच्या साथीने नवी भक्तिगीते म्हणण्याची मोठी लाट आली होती. थर्ड डे या लाटेवर स्वार झाला, असे म्हणणे सोपे आहे. पण उपासनेचे गाणे रचणे म्हणजे संगीताचा वेगळा हिशेब असतो, हे समजून घेतले पाहिजे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही नारायण वामन टिळकांची भजने म्हटली जातात आणि ती म्हणताना पेटीवर बसलेला माणूस आपला गळा दाखवायला बसलेला नसतो. पाठीमागच्या बाकावरच्या आजीलाही ओळ उचलता यावी, हे त्याने सांभाळायचे असते. थर्ड डेपुढे हाच हिशेब होता. पट्टी सर्वसामान्य माणसाला झेपेल अशी हवी, चालीचा पल्ला फार मोठा नको, लय सगळ्यांना एकत्र ठेवील अशी हवी, आणि वाद्यांचा आवाज शब्दांवर मात करणारा नको. यातली प्रत्येक अट संगीताला थोडे मऊ करते. म्हणजे इथे बँड मवाळ झाला, तो गाण्याचे काम बदलले म्हणून.

त्याच वर्षी ‘सिटी ऑन अ हिल’ या अनेक कलावंतांच्या संग्रहात मॅक पॉवेलने ‘गॉड ऑफ वंडर्स’ हे गाणे इतर गायकांबरोबर गायले. हे गाणे पुढे देशोदेशींच्या इंग्रजी उपासनांत पोहोचले. आणि ज्यांनी थर्ड डेचे नावही ऐकले नव्हते, अशा लाखो लोकांच्या कानांवर हा दक्षिणी गळा त्या मार्गाने पडला.

दुसरे कारण रेडिओचे, आणि ते समजून घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. अमेरिकेतील ख्रिस्ती संगीताचे सर्वांत मोठे दालन म्हणजे ‘अ‍ॅडल्ट कंटेम्पररी’ प्रकारची, म्हणजे प्रौढ श्रोत्यांसाठी कानाला सुखावणारी गाणी लावणारी रेडिओ केंद्रे. त्यांतले सर्वांत प्रभावी जाळे ‘के-लव्ह’ हे १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाले. ते जाहिरातींवर न चालता श्रोत्यांच्या देणग्यांवर चालते. देणगी देणारा श्रोता मध्येच बटण फिरवून दुसरीकडे गेला, तर केंद्राचे थेट नुकसान होते. म्हणून अचानक दचकवणारा, कर्कश किंवा अंगावर येणारा आवाज तिथे नकोसा असतो. या व्यवसायातील लोकांनी आपल्या सरासरी श्रोत्याला ‘बेकी’ असे एक काल्पनिक नावही दिले आहे: मुलांना गाडीत मागे बसवून शाळेत सोडायला निघालेली, तिशी-चाळिशीतली आई. तिच्या गाडीत वाजू शकेल तेच गाणे केंद्रावर वाजते, आणि केंद्रावर वाजते तेच गाणे विकले जाते. ही साखळी कोणी दुष्टपणाने बांधलेली नाही. त्या आईला सकाळच्या धावपळीत दिलासा देणारे गाणे हवे असेल, तर त्यात गैर काहीच नाही. पण सगळ्या बँडांना एकाच श्रोत्यासाठी गावे लागले, की सगळ्यांचे आवाज एकसारखे होऊ लागतात, आणि हे नुकसान मला खरे आणि मोठे वाटते.

थर्ड डेच्या बाबतीत हे लागोपाठच्या दोन अल्बमांतून स्वच्छ दिसते. २००४ चा ‘वायर’ हा सरळ, मोकळा रॉक अल्बम होता. उपासनेच्या अल्बमांनंतर पुन्हा गिटार वाजवावीशी वाटल्याचा आनंद त्यात जाणवतो. त्याला २००५ च्या ग्रॅमी सोहळ्यात रॉक गॉस्पेल अल्बमचा पुरस्कार मिळाला. लगेच पुढचा ‘व्हेरेव्हर यू आर’ नोव्हेंबर २००५ मध्ये आला आणि त्यालाही ग्रॅमी मिळाले, २००७ मध्ये. पण या वेळी विभाग होता पॉप आणि समकालीन गॉस्पेलचा. माणसे तीच, गळा तोच, आणि एका अल्बमच्या अंतराने पुरस्कार देणाऱ्यांनीही त्यांना रॉकच्या रकान्यातून काढून पॉपच्या रकान्यात बसवले होते. बँड मवाळ झाला असे ज्या क्षणाकडे बोट दाखवून म्हणता येईल, तो क्षण माझ्या मते हा आहे. १९९९ हा तो क्षण नव्हे.

या अल्बममधील ‘क्राय आउट टु जीझस’ हे गाणे त्यांच्या सर्वांत परिचित गाण्यांपैकी एक ठरले. जिवलग माणूस गमावलेले लोक, मोडकळीस आलेला संसार, सुटत नसलेले व्यसन आणि एकटेपण अशा एकेका दुःखाला ते क्रमाने हाक मारते आणि ख्रिस्ताला साद घालायला सांगते. कॅट्रिना चक्रीवादळाने ऑगस्ट २००५ मध्ये दक्षिणेचा किनारा उद्ध्वस्त केला होता आणि त्या शरदात ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना हे शब्द आपल्यासाठीच लिहिले असावेत असे वाटले असणार. अशा गाण्याला मवाळ म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. शोकात असलेल्या माणसासमोर आवाज चढवून बोलायचे नसते, आणि इथे पॉवेलच्या गळ्यातील खरखर अशी काही शाबूत आहे, की दिलासा पोकळ वाटत नाही. पण त्याच अल्बममधील इतर काही गाण्यांत दक्षिण जवळजवळ नाहीशी झाली आहे. कीबोर्डची गुळगुळीत पार्श्वभूमी, जपून वाजवलेली गिटार आणि ठरल्या जागी चढणारे ध्रुपद यांमुळे ती गाणी नॅशव्हिलमधल्या कोणत्याही बँडची असू शकली असती. मऊपणाला गावाचा आधार नसला की काय होते, हे त्या गाण्यांत ऐकू येते.

२००८ मध्ये ‘रेव्हलेशन’साठी बँडने मुख्य प्रवाहातील हार्ड रॉकचा निर्माता हॉवर्ड बेन्सन याच्याबरोबर काम केले. ध्वनी पुन्हा मोठा आणि चकचकीत झाला. त्या अल्बममधले मला सर्वांत मोलाचे वाटणारे पान म्हणजे ‘अदरसाइड’ या गाण्यातील रॉबर्ट रँडॉल्फची पेडल स्टील गिटार. पेडल स्टील हे कंट्री संगीताचे वाद्य म्हणून ओळखले जाते. पण ‘हाउस ऑफ गॉड’ या कृष्णवर्णीय पेन्टेकॉस्टल पंथाच्या चर्चमध्ये ऑर्गनच्या जागी स्टील गिटार वाजवण्याची अनेक दशकांची परंपरा आहे, जिला ‘सेक्रेड स्टील’ म्हणतात, आणि रँडॉल्फ त्याच परंपरेत वाढला. उपासनेत रडणारी, ओरडणारी, नाचायला लावणारी ती स्टील गिटार ऐकली, की भक्तीचे संगीत मऊच असले पाहिजे हा समज आपोआप गळून पडतो. याच वर्षी ब्रॅड एव्हरी बँडमधून बाहेर पडला आणि दोन गिटारांची कायमची जोडी फुटली.

त्यानंतरच्या ‘मूव्ह’ या २०१० मधील अल्बममध्ये दक्षिण परत आली. पहिल्याच गाण्यात ‘ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा’ हा गॉस्पेल गट त्यांच्याबरोबर गातो. अलाबामातील टालाडेगा येथे अंध कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत १९३९ मध्ये या गटाची सुरुवात झाली. टाळ्यांचा ठेका, एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची ही पद्धत, आणि त्याखाली घोळणारी गिटार यांतून ते गाणे उभे राहते. पॉवेलने स्वतःही या काळात कंट्री संगीताचे दोन एकल अल्बम काढले, २०१२ आणि २०१४ मध्ये. आपल्या गळ्याचे मूळ कुठे आहे, याचा त्याला जणू खुला शोध घ्यायचा होता. ‘मिरॅकल’ आणि ‘लीड अस बॅक’ हे मधले दोन अल्बम मात्र या शोधाच्या दृष्टीने फार काही सांगत नाहीत.

२०१७ मधील ‘रिव्हायव्हल’बद्दल मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. मन्रो जोन्स पुन्हा निर्माता म्हणून आला आणि ध्वनिमुद्रणासाठी बँडने अलाबामातील मसल शोल्स या छोट्या गावातला ‘फेम’ स्टुडिओ निवडला. रिक हॉलने उभारलेल्या या स्टुडिओत गायिका अरीथा फ्रँकलिनने जानेवारी १९६७ मध्ये आपले आयुष्य बदलणारे गाणे ध्वनिमुद्रित केले होते. १९६८ मध्ये विल्सन पिकेट इथे गात असताना ज्या तरुण साथीदाराची गिटार सगळ्यांच्या कानांत भरली, त्याचे नाव ड्वेन ऑलमन. पुढच्याच वर्षी त्याने ऑलमन ब्रदर्स बँड स्थापन केला. म्हणजे सदर्न रॉकची एक नाळ या खोलीतच पुरलेली आहे.

या निवडीला आणखी एक अर्थ आहे. सदर्न रॉकच्या वारशात एक अडचण आहे: त्यातील काही बँडांनी, लिनर्ड स्किनर्ड धरून, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा युद्धध्वज मंचावर मिरवला. दक्षिणेचा अभिमान म्हणून तो फडकवला जात असला, तरी कृष्णवर्णीयांना त्यात काय दिसते हे उघड आहे. मसल शोल्सची आठवण वेगळी आहे. वर्णभेद कायद्याने नुकताच संपत असताना, अलाबामासारख्या राज्यात, बहुतेक गोरे असलेले वादक आणि कृष्णवर्णीय गायक तिथे एका खोलीत बसून सोल हे गॉस्पेलच्या गायकीतून निघालेले लोकप्रिय संगीत घडवत होते. थर्ड डेने दक्षिणेकडे परतताना ध्वजाच्या बाजूची वाट न घेता गॉस्पेल आणि सोलच्या बाजूची वाट घेतली, आणि ख्रिस्ती बँड म्हणून ती निवड मला योग्य आणि प्रामाणिक वाटते.

‘रिव्हायव्हल’ ऐकताना ऑर्गन, पियानो, कोरससारखे उठणारे पार्श्वगायन आणि जुन्या जाहीर उपासनासभांचा झपाटा जाणवतो. आवाज मोठा नाही. ‘कॉन्स्पिरसी’च्या तुलनेत तर फारच संयत आहे. पण त्यात ढिलेपणा कुठेही नाही. ड्रम किंचित मागे रेलून वाजतात, त्यामुळे गाणे धावत नाही आणि थबकतही नाही. पॉवेलचा गळा वीस वर्षांनी अधिक जाड झाला आहे आणि त्याला कोणत्याही थराखालून वाट काढावी लागत नाही. दक्षिणी असणे आणि मऊ असणे या दोन्ही गोष्टी इथे एकमेकींना सांभाळून घेतात. त्यानंतरच्या निरोपाच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम २७ जून २०१८ रोजी कोलोरॅडोतील रेड रॉक्स या खडकांतल्या खुल्या रंगमंचावर झाला.

एव्हाना हा मार्ग इतरांनीही धरला होता. दक्षिण कॅरोलिनातील ‘नीडटुब्रीद’ हा एका पाळकाच्या मुलांनी काढलेला बँड २००९ च्या ‘द आउटसाइडर्स’ या अल्बमपासून बँजो आणि गॉस्पेलच्या ठेक्यांकडे वळला आणि ख्रिस्ती वर्तुळाबाहेरही त्याला मोठा श्रोतृवर्ग मिळाला.

ज्यांना थर्ड डेचा हा बदल स्वतःच्या कानांनी तपासायचा असेल, त्यांनी अल्बम प्रकाशनाच्या क्रमाने न ऐकता आधी पहिला अल्बम, मग ‘टाइम’ आणि मग थेट ‘रिव्हायव्हल’ असे ऐकावे. त्यातून दक्षिणेची रेघ सलग दिसेल. त्यानंतर ‘वायर’ आणि ‘व्हेरेव्हर यू आर’ एकापाठोपाठ ऐकावेत, म्हणजे रेडिओने काय बदलले ते कळेल. ‘कॉन्स्पिरसी नंबर ५’ शेवटी ठेवावा आणि चांगल्या स्पीकरवर, आवाज मोठा करून ऐकावा.